चाळीस मिनिटांचं घर

केतकी मंद्रूपकरनं आयुष्यातलं सगळ्यात महागात पडलेलं खोटं पाच जणांच्या देखत, हसतमुखानं सांगितलं, आणि ते खोटं आहे असं त्या पाचांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. पाचवं माणूस नव्हतं म्हणा, यंत्र होतं. पण चौदा वर्षं एका घरात राहून जे माणसांना कळलं नाही, ते यंत्राला पाऊण तासात कळावं, अशी अपेक्षा करण्यात तरी काय हशील?

झालं असं, की सोलापुरात बारा वर्षं धरणांच्या भिंती तपासणाऱ्या केतकीला बढती मिळाली. राज्यातल्या मोठ्या धरणांच्या भिंतींत हजारो संवेदक बसवलेले होते. भिंत केसभर सरकली, आतून पाणी वाटीभर जास्त झिरपलं, की ते लगेच कळवायचे. ते सगळं ऐकणारं केंद्र तळेगावच्या पुढे, डोंगराच्या कुशीत होतं. त्या केंद्राची प्रमुख म्हणून केतकीची नेमणूक झाली. घातपाताच्या भीतीनं केंद्राची यंत्रणा बाहेरच्या कुठल्याही जाळ्याला जोडलेली नव्हती, त्यामुळे घरून काम करायचा प्रश्नच नव्हता. तिथली खुर्ची हवी तर तिथे जाऊन बसायला हवं. तिचा नवरा निनाद औषधनिर्माणशास्त्र शिकवायचा, त्यालाही हडपसरच्या एका कॉलेजात जागा मिळाली. सगळं छान जुळून आलं, फक्त तळेगाव पुण्याच्या एका टोकाला आणि हडपसर दुसऱ्या.

पूर्वी माणसं असल्या वेळी दलाल गाठायची, चार जागा बघायची, भांडायची आणि मधेच कुठेतरी घर घ्यायची. आता तसं चालत नव्हतं. काही वर्षांपूर्वी पुण्यातले रस्ते इतके तुंबले, की रुग्णवाहिका दीड-दीड तास एका जागी उभ्या राहू लागल्या, आणि मग वस्तीपरवान्याचा कायदा आला. नव्यानं येणाऱ्या कुटुंबानं कुठे राहायचं हे यंत्र सांगणार. मुलांचा शाळाप्रवेश, पाण्याची जोडणी, गाडी उभी करायची जागा, सगळं त्या परवान्यावर. एकदा मिळालेलं घर तीन वर्षं बदलायचं नाही. पहिल्या वर्षात एकदाच फेरतपासणी मागता येत असे.

यंत्र मात्र लबाड नव्हतं, हे सांगायलाच हवं. त्याच्या पोटात अख्ख्या शहराची एक हुबेहूब प्रत होती. प्रत्येक सिग्नल, मेट्रोचा प्रत्येक डबा, शाळा सुटायच्या वेळा, कुठल्या चौकात पाणी तुंबतं, सगळं. आलेल्या कुटुंबाचीही तशीच प्रत करून यंत्र ती त्या शहरात सोडायचं आणि पुढची तीन वर्षं जगवून बघायचं, दहा हजार वेळा, दर वेळी वेगळ्या घरात, वेगळ्या योगायोगांसह. ज्या घरात कुटुंबाची एकूण मिनिटं सगळ्यात कमी वाया जातील, ते घर तुमचं.

खरा शोध याच्याही पुढचा होता. लाखो कुटुंबांची माहिती चाळताना संशोधकांना दिसलं, की प्रत्येक माणसाची एक सहनमर्यादा असते. रोजचा प्रवास तेवढ्या मिनिटांच्या आत असला तर माणूस कुरकुरतो, पण टिकतो. त्यापुढे गेला की काही महिन्यांत काहीतरी मोडतं. कुणी नोकरी सोडतं, कुणी घर, कुणी जोडीदार. कोण काय सोडेल आणि साधारण कधी, हेसुद्धा वय, घरातली माणसं, मुलं यांवरून बऱ्यापैकी अचूक सांगता येऊ लागलं. यंत्राला ही मर्यादा कळावी म्हणून प्रत्येकाचा जबाब घेत.

जबाबाच्या दिवशी मंद्रूपकर मंडळी चौघंही नटूनथटून परवान्याच्या कार्यालयात गेली. निनाद, केतकी, अकरा वर्षांची जुई आणि निनादची आई शैलजाबाई. तिथल्या तंत्रज्ञ आफरीन बागवान यांनी काचेच्या छोट्या खोल्या दाखवल्या.

“एकेकट्यानं उत्तरं दिलेली बरी असतात,” त्या म्हणाल्या. “मोकळेपणानं बोलता येतं.”

“आमच्यात काय लपवाछपवी नाही, बाई,” शैलजाबाई म्हणाल्या. “सगळ्यांचं सगळ्यांसमोर असतंय.”

केतकीनंही मान डोलावली. वेगळ्या खोलीत जाऊन बसणं म्हणजे सासू-नवऱ्याबद्दल काहीतरी सांगायचंय असा अर्थ झाला असता. तेव्हा चौघं एकाच टेबलाभोवती बसली, पंगतीला बसल्यासारखी.

यंत्रानं आधी निनादला विचारलं, एका वेळचा प्रवास किती चालेल?

“चाळीस मिनिटं,” निनाद म्हणाला. “त्यापुढे माझं डोकं दुखतं. मग मला शिकवायला जमत नाही.”

जुई म्हणाली, शाळेत चालत जायचंय. शैलजाबाई म्हणाल्या, “मला कुठं जायचंय? आठवड्यातनं तीनदा गुडघ्याच्या व्यायामाला गेलं की झालं. तेही नसलं जवळ तर राहू दे.”

मग केतकीची पाळी आली. तिच्या मनात आकडा तयार होता. पाऊण तास. सोलापुरात वीस मिनिटं लागायची, हे पुणं आहे, पाऊण तास ठीक. पण तिघं तिच्याकडे बघत होती, बढतीही तिची, गाव सोडायला लागलं तेही तिच्यामुळे, आणि निनादनं नुकतेच चाळीस मागितले होते. आपणही मागायचं, हे तिला कसंतरीच वाटलं.

“माझं काय,” ती हसून म्हणाली, “मी जमवेन.”

“कृपया कमाल मिनिटं सांगा,” यंत्र म्हणालं.

“मर्यादा नाही असं लिहा.”

आपल्याकडे पाहुण्याला वाढताना तो ‘नको’ म्हणतो, आणि आपण वाढतो. निदान एकदा तरी ‘अहो, असं कसं’ म्हणतो. कुणीतरी तसं म्हणेल, निनाद म्हणेल, म्हणून केतकी क्षणभर थांबली. निनाद जुईच्या बुटाची नाडी बघत होता. यंत्राला आग्रह करायला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं धन्यवाद म्हटलं आणि तिचा जबाब बंद केला.

घर मिळालं ते मांजरीला. निनादचं कॉलेज चौदा मिनिटांवर. जुईची शाळा चालत सहा मिनिटं. शैलजाबाईंचं व्यायामकेंद्र त्याच इमारतीत, तळमजल्याला. केतकीचं केंद्र एक तास पंचावन्न मिनिटं.

अहवाल चाळीस पानांचा होता. निनादनं तो शेवटपर्यंत वाचला, कारण कुटुंबातल्या एकानं प्रत्येक पान वाचून खाली सही करायची असा नियमच होता. केतकी त्या आठवड्यात सोलापूरचं घर आवरत होती. तिनं फक्त पहिलं पान पाहिलं, एक तास पंचावन्न हा आकडा दोनदा वाचला आणि पुन्हा खोकी बांधायला लागली. काय बोलणार? मर्यादा नाही, हे तिचेच शब्द होते.

पहिले तीन महिने तिनं खरंच जमवलं. सकाळी सहा पन्नासला बाहेर. मेट्रो, मग दुसरी मेट्रो, मग केंद्राची बस. जाताना ती भिंतींचे आलेख बघायची, येताना पेंगायची. घरी पोचायची तेव्हा जुईचा अभ्यास झालेला असायचा, शैलजाबाईंचा चहा होऊन जेवणं चाललेली असायची. तिचं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि ते रोज असायचं, हेही खरं. कुणी वाईट वागत नव्हतं. वाईट वागणारं कुणी असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

सहाव्या महिन्यात जुईचं पहिलं भाषण झालं शाळेत, ते केतकीनं मेट्रोत पडद्यावर पाहिलं, अर्ध्यातच बोगदा आला. आठव्या महिन्यात तिला चक्कर यायला लागली. नवव्या महिन्यात एका धरणाच्या भिंतीनं सकाळी साडेसातला धोक्याचा इशारा दिला. केतकी तेव्हा दोन मेट्रोंच्या मधल्या पुलावर चालत होती. ती पोचली पावणेनऊला. तोवर रात्रपाळीतल्या अभियंत्यानं दरवाजे उघडायचा आदेश देऊन टाकला होता. आदेश बरोबर होता, सुदैवानं.

संचालक पाटणकरांनी तिला बोलावून चहा दिला. ते सभ्य गृहस्थ होते, आवाज कधी चढवत नसत.

“मॅडम, तुमच्याइतकी भिंत कुणाला कळत नाही,” ते म्हणाले. “पण प्रमुख पाऊण तासाच्या आत हवा. महिनाभरात जवळ राहायला या, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा निनाद पोळी मोडता मोडता म्हणाला, “सोडलीस तर काय बिघडेल? किती दमतेस तू. तब्येत बघ तुझी.” अगदी मायेनं म्हणाला. केतकीला त्या मायेचा का कोण जाणे रागच आला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती फेरतपासणीला गेली. आफरीन बागवान यांनी जुना अहवाल पडद्यावर काढला, दोन-तीन पानं मागेपुढे केली, आणि विचारलं, “पान एकतीस वाचलं होतं ना तुम्ही?”

केतकीनं वाचलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं: सदस्य क्रमांक दोन. नोकरीचा अपेक्षित काळ, अकरा महिने. त्यानंतर नियमित प्रवास नाही.

“म्हणजे?”

“दहा हजारांतल्या नऊ हजार तीनशे वेळा तुम्ही अकराव्या महिन्याच्या आसपास नोकरी सोडलीत,” आफरीन म्हणाल्या. “तुम्ही म्हणजे तुमची प्रत. तुम्ही मर्यादा सांगितली नाहीत, तेव्हा यंत्रानं ती दुसऱ्या बायकांवरून काढली. सासू घरात, शाळेत जाणारी मुलगी, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या टोकाला. अशा बायका काय करतात हे त्याला माहीत आहे. मग छत्तीस महिन्यांत तुमचा प्रवास अकराच महिने धरला. बाकीच्या तिघांचा छत्तीस. घर कुणाच्या जवळ पडणार?”

“पण घर लांब आहे म्हणून तर माझी नोकरी जातेय.”

“हो. आणि नोकरी जाणार म्हणून घर लांब.” आफरीननी आवाज खाली केला. “हे आम्ही वर कळवलंय, मॅडम. दोनदा. ते म्हणतात, भाकीत चुकलेलं दाखवा. ते काही चुकत नाही.”

पान एकतिसाच्या खाली, ठरलेल्या जागी, निनादची सही होती.

संध्याकाळी तो कॉलेजातून आला तेव्हा केतकी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. जुई खाली खेळायला गेली होती. केतकीनं हातातली जुडी खाली न ठेवताच विचारलं, “तू पान एकतीस वाचलं होतंस?”

निनादनं कसलं पान असं विचारलं नाही. एवढा एक प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

“वाचलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तूच म्हणालीस ना, मर्यादा नाही.” मग तो खुर्चीवर बसला. “खरं सांगू? मला बरं वाटलं ते वाचून. वाटलं, तुझी हौस होईल, वर्षभर प्रमुख म्हणून मिरवशील, मग आपोआपच घरी असशील. मी सोड म्हणायची वेळच येणार नाही. कुणी वाईट व्हायला नको.”

“हौस,” केतकी म्हणाली.

“तसं नाही गं म्हणायचं मला.”

पण त्याला तसंच म्हणायचं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. चौदा वर्षांच्या संसारात केतकीला नवऱ्याचा राग अनेकदा आला होता, किळस पहिल्यांदा आली. शैलजाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

“मी आयुष्यभर मला काय नको, मला काय नको म्हणत आले,” त्या सुनेला म्हणाल्या. “खरंच काय दिलं नाही कुणी. तू तरी आता नीट सांग की.”

केतकी नीट सांगायला गेली. या वेळी काचेच्या खोलीत, एकटी. पाऊण तास, ती म्हणाली. नोकरी सोडणार नाही, कुठल्याही कारणानं नाही. यंत्रानं पुन्हा दहा हजार वेळा तिचा संसार मांडला आणि चार मिनिटांत उत्तर दिलं. दोन घरं. केतकीला तळेगावात एका खोलीचं, केंद्रापासून बारा मिनिटांवर. बाकीच्या तिघांना आहे तेच मांजरीचं. शाळा तिथे असल्यामुळे जुई वडिलांकडे. चौघांची मिळून वाया जाणारी मिनिटं इतकी कमी झाली होती, की आकड्याशेजारी हिरवी खूण आली होती.

“हे कसलं उत्तर?” केतकी म्हणाली. “मधे एखादं घर नाही?”

आफरीननी शोधलं. औंधला होतं, तीन खोल्यांचं. शाळा जवळ, व्यायामकेंद्र जवळ. केतकीला बेचाळीस मिनिटं, निनादला पंचावन्न.

“पण सरांची मर्यादा चाळीस आहे. त्यांच्या प्रती सहा महिन्यांत कॉलेज सोडतात, म्हणून यंत्र हे घर बाद करतं. त्यांनी पंचावन्न म्हटलं तर आत्ता मिळेल. त्यांचा जबाब त्यांनाच बदलता येतो. फोनवरूनही चालतं.”

केतकीनं तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं. औंधचं घर, जुईची शाळा, आईंचा व्यायाम. “पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे, निनाद. फक्त पंचावन्न म्हण.”

पलीकडे कॉलेजची घंटा वाजली. निनादनं ती संपू दिली.

“केतकी, मी तेव्हा खरं ते सांगितलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “चाळीसच्या पुढे मला खरंच नाही जमत. आता खोटं कसं सांगू?”

“मी दहा महिने दोन-दोन तास जातेय.”

“हो, पण तू जमवतेस. तुझं वेगळं आहे.”

तिनं फोन ठेवला. आफरीन पाणी घेऊन आल्या आणि उगाचच पडद्याकडे बघत राहिल्या.

आता दोन घरांचा कागद उरला होता. केतकीनं तो ओळ न ओळ वाचला. तिसऱ्या पानावर प्रवासांची यादी होती. कार्यालय, रोज, अत्यावश्यक. बाजार, आठवड्यातून दोनदा, अत्यावश्यक. मांजरीला मुलीची भेट, रविवारी, ऐच्छिक.

“हे ऐच्छिक कुणी लिहिलं?”

“ज्या प्रवासावाचून नोकरी, शाळा किंवा उपचार अडत नाहीत, ते सगळे यंत्र ऐच्छिक धरतं. बदलायचं तर बदलता येईल. करू?”

“करा.”

आफरीननी अत्यावश्यक केलं. यंत्रानं पुन्हा चार मिनिटं घेतली. भेटीचे जाऊन-येऊन चार तास आता वाया गेलेल्यांत धरले गेले, निनादचे चाळीस कायम, म्हणजे आईनं मुलीपाशीच राहायचं. उत्तर आलं: एकच घर, मांजरी. सदस्य क्रमांक दोन, नोकरीचा अपेक्षित काळ, एक महिना.

बाहेर पुढचं कुटुंब येऊन बसलं होतं. त्यांतली बाई नवऱ्याला हळू आवाजात सांगत होती, की तुम्ही तुमच्या सोयीचं बघा. केतकीला तिच्याजवळ जाऊन काहीतरी सांगावंसं वाटलं. पण काय सांगायचं? खरं बोल म्हणून? खरं बोलून आपल्या हातात काय आलं होतं? आणि तरीही भिंतींचा विचार मनात आला की तिला कळत होतं, की ती खुर्ची सोडली तर पुढची तीस वर्षं आपण या माणसाला मेथीच्या भाजीतून शिव्या देत राहू. ती जुईला रोज दिसली असती, पण कशी दिसली असती, हेही तिला दिसत होतं.

“पुन्हा ऐच्छिक करा,” ती म्हणाली, आणि तिनं सही केली.

दहा वर्षांवरच्या मुलांना निकालाची प्रत वेगळी मिळते. ती मुलांना समजेल अशा सोप्या भाषेत असते, त्यासाठी सरकारनं खास समिती नेमली होती. जुईनं आपला कागद दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पिता पिता वाचला. रडली नाही. तिसऱ्या पानापाशी थांबून तिनं विचारलं, “हे रविवारचं यंत्रानं ठरवलं का तू?”

‘यंत्रानं’ असं म्हणता आलं असतं. पहिल्यांदा तसं यंत्रानंच लिहिलं होतं, ते काही खोटं ठरलं नसतं. पण खोट्याची केतकीला आता शिसारी आली होती.

“मी,” ती म्हणाली.

जुईनं कागद घडी करून दप्तरात ठेवला आणि ती शाळेत गेली.

तळेगावची खोली चांगली होती. उजेड यायचा, समोर डोंगर होता. पहिल्या आठवड्यात केतकी रोज नऊला पाच कमी असताना खुर्चीत बसली. पाटणकर येऊन खूश झाल्याचं सांगून गेले. संध्याकाळी सव्वासहाला ती घरी असायची, आणि मग झोपेपर्यंत चार तास करायचं काय हे तिला सुचत नसे. इतका मोकळा वेळ तिला लग्नानंतर कधी मिळाला नव्हता. चक्कर यायची थांबली. निनादचा फोन रोज यायचा, जेवलीस का विचारायचा, आणि ती जेवले म्हणायची.

रविवारी ती सकाळीच निघाली. बस, मेट्रो, दुसरी मेट्रो. जुईला आवडतात म्हणून आदल्या संध्याकाळी तिनं खवा-पोळ्या केल्या होत्या, डबा मांडीवर धरून ती दोन तास बसली. मांजरीला पोचली तेव्हा दार शैलजाबाईंनी उघडलं. निनाद भाजी आणायला गेला होता.

“जुई कुठंय?”

“मैत्रिणीकडं गेलीय, पोहायला. चारला येती म्हणाली.” शैलजाबाईंनी तिच्या हातातला डबा घेतला आणि तो घेऊन तशाच उभ्या राहिल्या. “मी म्हणलं तिला, थांब की गं, आई येणारय. तर म्हणाली, आईनं यायलाच पाहिजे असं काय नाही, आज्जी. तिनंच लिहून दिलंय.”